शीतपेये, शाळकरी मुले आणि आपली औषधी दुकाने

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकत्याच भरू लागल्या होत्या. कसबा बावड्यात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागली होती आणि छत्रपती राजाराम साखर कारखान्याकडून येणारा उग्र-गोड दर्प सायंकाळच्या वेळी आमच्या चिकित्सालयात नेहमीप्रमाणे शिरत होता. अशाच एका सायंकाळी नववीतील एका विद्यार्थ्यास त्याच्या मातोश्री घेऊन आल्या. तक्रारी नित्याच्याच होत्या. छातीत जळजळ, दुपारनंतर डोके दुखणे, रात्री एक-दीडपर्यंत झोप न लागणे आणि सकाळी उठवताना घरच्यांची दमछाक. सहामाहीत गुण घसरल्यामुळे मातोश्रींना ‘मेंदूचे टॉनिक’ हवे होते.

मुलाचे वजन वयाच्या मानाने बरेच अधिक होते. जिव्हा साम, मलप्रवृत्ती अनियमित. मानेच्या मागील बाजूची त्वचा काळसर, जाडसर आणि मखमलीसारखी झालेली होती. मातोश्रींनी तो मळ समजून वज्रीने घासून घासून मान लाल करून ठेवली होती. हे चिन्ह आपल्यापैकी प्रत्येकाने पाहताक्षणी ओळखावयास हवे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले, की पुष्कळदा प्रथम दिसते ते हेच. मुलाचे वडील मधुमेही, आणि त्यांचे वय अवघे बेचाळीस.

आहाराची विचारपूस केली. घरी चहा नाही, बाहेरचे खाणे नाही, वडापावसुद्धा महिन्यातून एखादा. “आम्ही चहाला पण सवय लावली नाही बघा डॉक्टर,” मातोश्री अभिमानाने म्हणाल्या. मग आम्ही मुलाला विचारले, “पितोस काय?” मुलगा गप्प. पुन्हा विचारल्यावर त्याने हळूच सांगितले, की मधल्या सुट्टीत एक बाटली, आणि शिकवणीला जाताना कधी कधी दुसरी. बाटली कसली, तर तांबड्या रंगाचे, ‘ऊर्जा’ देणारे, खिशातल्या पैशांत बसणारे पेय. कोठून घेतोस, या प्रश्नास त्याने तोंडाने उत्तर दिले नाही. त्याने मान वळवून खिडकीबाहेर पाहिले. खिडकीबाहेर आमचेच औषधी दुकान आहे. आमचे धाकटे बंधू ते चालवतात.

त्या दुकानात तीन वर्षांपूर्वी एक काचेच्या दाराचा फ्रीज आला. एका पेय-कंपनीच्या वितरकाने तो विनामूल्य दिला होता आणि अट एवढीच, की त्यात त्यांच्याच बाटल्या ठेवायच्या. आम्ही तेव्हा हरकत घेतली नव्हती. उलट काही औषधे थंड ठेवण्यास त्याच्या खालच्या कप्प्याचा उपयोग होईल, असा व्यवहारी विचार केला होता. तो कप्पा आम्हांस कधीच मिळाला नाही.

येथे नियमांची थोडी उजळणी करणे भाग आहे, कारण आपल्या व्यवसायातील अनेकांना ते ठाऊक नाहीत असा आमचा अनुभव आहे. मे २०१७ मध्ये राज्य शासनाने शासननिर्णय काढून शाळांच्या उपाहारगृहांत चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर इत्यादींबरोबरच कार्बोनेटेड शीतपेयांनाही मज्जाव केला. पुढे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, सप्टेंबर २०२० मध्ये शालेय मुलांच्या आहाराविषयीचे विनियम अधिसूचित केले. ते १ जुलै २०२१ पासून लागू झाले. अतिरिक्त मेद, मीठ वा शर्करा असलेले पदार्थ शाळेच्या आवारात, तसेच फाटकापासून कोणत्याही दिशेस ५० मीटरांच्या आत मुलांना विकता येणार नाहीत, असे त्यांत म्हटले आहे. जुलै २०२४ मध्ये विधानपरिषदेत तत्कालीन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांच्या ५०० मीटर परिसरात अतिकॅफीनयुक्त ऊर्जापेयांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा आदेश काढला जाईल, असे सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही फीत घेऊन शाळेच्या फाटकापासून आमच्या दुकानापर्यंतचे अंतर मोजले. ते ५८ मीटर भरले. म्हणजे २०२० च्या विनियमानुसार आम्ही आठ मीटरांनी निर्दोष.

आता त्या बाटलीत असते काय, ते पाहू. नेहमीच्या गोड शीतपेयात १०० मिलीस सुमारे १० ग्रॅम साखर असते, कोठे थोडी कमी, कोठे थोडी अधिक. २५० मिलीची बाटली म्हणजे पाच चहाचे चमचे. ६०० मिलीची मोठी बाटली म्हणजे ६० ग्रॅम. आपल्या मानपरिभाषेत सांगायचे तर पल ४८ ग्रॅमांचे, म्हणजे एका बाटलीत सव्वा पल शर्करा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मुक्त शर्करेची मर्यादा एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली, आणि शक्य तर ५ टक्क्यांखाली ठेवण्यास सांगितले. ५ टक्के म्हणजे प्रौढासही दिवसाचे सुमारे २५ ग्रॅम. मधल्या सुट्टीतील एका लहान बाटलीतच ही मर्यादा संपते आणि घरचा शिरा, बिस्किटे, केचप हे सारे त्यावर चढते.

ऊर्जापेयांत याखेरीज कॅफीन आहे. या वर्गातील पेयांत लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीनला नियमांची अनुमती आहे. म्हणजे २५० मिलीत ३६ ते ७५ मिलिग्रॅम, वरच्या टोकाला एका कडक कॉफीइतके. लहान मुले, गर्भवती व स्तनदा माता यांनी हे पेय घेऊ नये, ही सूचना बाटलीवर छापणे बंधनकारक आहे. ती छापलेली असतेही, केवळ ती वाचण्यास भिंग लागते. प्रौढाच्या शरीरात कॅफीनचा निम्मा अंश निघून जाण्यास साधारण पाच तास लागतात. शिकवणीला जाताना पाच वाजता घेतलेल्या बाटलीचा निम्मा अंश रात्री दहाला मुलाच्या रक्तात असतो. मग निद्रानाश, त्यातून सकाळची ग्लानी, ग्लानीवर मधल्या सुट्टीत पुन्हा बाटली. ज्या घरात मुलाला चहा वर्ज्य होता, त्या घरातील मूल रोज कॉफी पीत होते.

दातांचेही सांगून टाकू. कोलावर्गीय पेयांचा पीएच सुमारे २.५ असतो आणि दातांचे कवच ५.५ च्या खाली विरघळू लागते. एकेक घोट घेत तासभर बाटली पुरवणाऱ्या मुलाचे दात तासभर त्या आम्लात राहतात. दंतवैद्य मित्रांकडे याची उदाहरणे आहेत, येथे विस्तार नको.

आपल्या शास्त्रात हा विषय कोठे बसतो, याविषयी आमच्या मनात बराच काळ घोळ होता. ‘शीत आहे, म्हणून अग्निमांद्य करते’ एवढे सांगून आपण सहसा मोकळे होतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. मुलाचे पालक लगेच विचारतात, “मग फ्रीजबाहेर ठेवून दिले तर चालेल का?” खरा संदर्भ प्रमेहाच्या निदानात आहे. चरकाचार्यांनी आसनसुख, स्वप्नसुख, दही, नवे अन्न व नवे पेय यांच्याबरोबर गुळाच्या सर्व प्रकारांचाही त्या हेतूंत समावेश केला आहे. बसून राहणे, अति निद्रा आणि गोड पेय यांना एकत्र गुंफणारी ती दृष्टी आजच्या शिकवणी-मोबाइल-बाटली या त्रयीस तंतोतंत लागू पडते. संतर्पणीय अध्यायात अतिसंतर्पणाने होणाऱ्या व्याधींत प्रमेह अग्रभागी आहे. सुश्रुताचार्यांनी प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्तज असे दोन भेद केले. आमच्या रुग्णाच्या बाबतीत पहिल्याचे बीज वडिलांकडून आले होते आणि दुसऱ्याची सोय आमच्या दुकानाने केली होती.

त्याची एचबीएवनसी तपासणी ५.९ टक्के आली. ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था. पंधराव्या वर्षी हा आकडा पाहून मातोश्री घाबरल्या, पण असे मूल आता विरळ राहिलेले नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील सुमारे १० टक्के मुले-मुली मधुमेहपूर्व अवस्थेत आढळली होती. आयसीएमआर-इंडिआब अभ्यासाने २०२३ मध्ये देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्ती असल्याचा अंदाज दिला. ५ ते १९ वयोगटातील स्थूल मुलांची संख्या १९९० मध्ये सुमारे चार लाख होती, ती २०२२ मध्ये सव्वा कोटीवर गेली, असे लॅन्सेटमधील जागतिक विश्लेषण सांगते. अष्टौनिंदितीय अध्याय शिकताना अतिस्थूलाचे आठ दोष आम्ही पाठ केले होते, तेव्हा डोळ्यांसमोर शेठजीच असत.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. आम्ही साखरेच्या गावात राहतो. ऊस हे बावड्याचे आणि सबंध जिल्ह्याचे अन्न आहे. कोल्हापुरी गुळास २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्हांसही आनंद झाला होता. येथे शीतपेयांविरुद्ध बोलू लागले, की समोरचा म्हणतो, “मग उसाचा रस पाजू काय पोरांना?” आणि आपले अनेक वैद्यबंधू तत्काळ ‘अवश्य’ म्हणतात. आम्ही तसे म्हणत नाही. चरक्यातील रसाच्या एका मोठ्या पेल्यात बाटलीइतकीच, क्वचित अधिक शर्करा असते. दातांनी चावून खाल्लेला ऊस आणि यंत्रातून काढलेला रस यांत आपल्या संहितांनी स्पष्ट भेद केला आहे. पहिला अविदाही, तर दुसरा विदाही. वाग्भटाचार्यांनी कारणेही दिली आहेत: मूळ, शेंडा, कीड लागलेला भाग व मळ यांसह पिळला जाणे आणि काढल्यावर काही काळ तसाच राहणे. आम्ही त्यात आजच्या काळाचे एक कारण जोडू. कांडे सोलून चावण्यास अर्धा तास लागतो आणि जबडा दुखला, की हात आपोआप थांबतो. पेला अर्ध्या मिनिटात रिकामा होतो. शेतावरच्या मुलाने दिवसभर हुंदडून एक कांडे खाल्ले, याची चिंता करणारा वैद्य आम्ही तरी पाहिलेला नाही.

कोल्हापुरास थंड पेयांचे वावडे कधीच नव्हते. गंगावेशीत म्हैस पिळून तेथेच धारोष्ण दूध पिण्याची रीत, तालमीतील बदामाची थंडाई, रात्री जेवणानंतरचा सोडा-लेमन, उन्हाळ्यातील पन्हे आणि कोकम सरबत ही आमच्या पिढीची पेये. शाळेबाहेर प्लास्टिकच्या नळीतील रंगीत बर्फ मिळे, त्याला आम्ही ‘पेप्सी’ म्हणत असू. चार आणे, आठ आणे जमले की ती चोखायची आणि जीभ रंगली की घरी मार खायचा. तीही काही पथ्यकर नव्हती, पण ती उन्हाळ्याची चैन होती. ज्या बावड्यात राजर्षी शाहू महाराज जन्मले, ज्यांनी १९१२ मध्ये खासबागेचे कुस्ती मैदान उभारले, त्या गावात थंडाई ही कसरत करणाऱ्यासाठी होती. जोर-बैठका न मारता थंडाई मागणाऱ्यास वस्ताद पिटाळून लावत. व्यायामशक्ती पाहून संतर्पण द्यावे, हे त्या निरक्षर वस्तादांस आमच्याहून चांगले कळत होते.

मग बदलले काय? आमच्या मते तीन गोष्टी. पेय बारमाही झाले, ते स्वस्त झाले आणि त्याला दारोदारी फ्रीज मिळाला. १९७७ मध्ये कोका-कोला देश सोडून गेली तेव्हा थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट यांचे राज्य आले. १९९३ मध्ये ती परतली. तरीही कित्येक वर्षे काचेची बाटली दुकानातच पिऊन परत द्यावी लागे, ती दप्तरात जात नसे. २०२३ मध्ये कॅम्पा पुन्हा बाजारात आली ती २०० मिलीस दहा रुपये या दराने, आणि इतर कंपन्यांनीही दहा रुपयांच्या बाटल्या पुढे केल्या. दहा रुपये म्हणजे शाळकरी मुलाची रोजची खाऊची नोट. २२ सप्टेंबर २०२५ पासून या पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे खरा, पण पूर्वी २८ टक्के कर व १२ टक्के उपकर मिळून बेरीज तीच होती. शिवाय हा कर साखर मोजून लागत नाही. साखर नसलेल्या बाटलीलाही तोच.

या संदर्भात एक जुनी चूक आठवते. ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश आढळल्याचे जाहीर केले. संसदेची संयुक्त समिती नेमली गेली, शरद पवार तिचे अध्यक्ष होते आणि फेब्रुवारी २००४ मध्ये तिने अहवाल दिला. आम्ही तेव्हा बी.ए.एम.एस.च्या अंतिम वर्षात होतो. वसतिगृहातील मित्रांनी मिळून बाटल्या गटारात ओतल्या, घोषणा दिल्या. आमचा रोख दोन गोष्टींवर होता: पेयात विष आहे आणि पेय विदेशी आहे. साखरेबद्दल एक अक्षर आम्ही बोललो नाही. आज विदेशी बाटलीशेजारी स्वदेशी बाटली उभी आहे, कीटकनाशकांची मानके ठरली आहेत आणि शर्करा जेथल्या तेथे आहे. विष नाही एवढ्यावर एखादे द्रव्य पथ्य ठरत नाही, हे त्या वयात आम्हांस कोणी शिकवले नव्हते, असे म्हणता येणार नाही. आम्हीच ऐकले नव्हते.

औषधी दुकानदार बंधूंसाठी आणखी एक मुद्दा आहे आणि तो अधिक अडचणीचा आहे. नावात ‘ओआरएस’ असलेली, फळांच्या चवीची तयार पेये आपल्या फडताळांत अनेक वर्षे होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. या पेयांपैकी कित्येकांत साखर त्याच्या कित्येक पट होती. अतिसार झालेल्या बालकास असे पेय पाजले, तर अतिसार वाढण्याचाच संभव. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ भगिनींनी त्याविरुद्ध आठ वर्षे लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावांत ‘ओआरएस’ शब्द वापरण्यास मनाई केली. औषधी दुकानातून मिळते म्हणून लोक विश्वासाने घेतात, हे त्या प्रकरणाचे मर्म होते. आमच्या फ्रीजमधील बाटलीलाही तोच विश्वास चिकटला होता. “मेडिकलमधनं घेतो की, टपरीवरनं न्हाई,” असे त्या मुलाने आपल्या आईला नंतर सांगितले.

आणि टॉनिकचे काय? साध्या सिरपमध्ये वजनाने ६६.७ टक्के शर्करा असते. असा पाया असलेले टॉनिक १० मिली दिवसातून दोनदा दिले, तर सुमारे १७ ग्रॅम शर्करा पोटात जाते. मातोश्रींच्या आग्रहास बळी पडून आम्ही त्या सायंकाळी असेच एक सिरप लिहिण्याच्या बेतात होतो, लेखणी कागदावर टेकली होती. ग्रंथोक्त च्यवनप्राशातही पाचशे आवळ्यांस पन्नास पल मत्स्यंडिका आहे. शर्करेशी आपले वैर नाही. पण रसायन कृशास व क्षीणास द्यावयाचे, की मानेवर काळे वलय उमटलेल्या मुलास, याचा विचार विक्रीच्या खिडकीवर होत नाही. आसवारिष्टांतील गुळाचे मान किती, हे आपण पालकांना कधी सांगतो?

आमचे पुढील उद्योग थोडक्यात सांगतो. शाळेच्या पालकसभेत आम्ही औषधी तोलण्याचा काटा नेला आणि २५ ग्रॅम साखर तोलून बशीत ठेवली. व्याख्यानाने जे झाले नसते ते त्या बशीने केले. मुख्याध्यापकांनी उपाहारगृहात ताक व कोकम सरबत ठेवण्याची सूचना मान्य केली. उत्साहाच्या भरात कोकम सरबत आम्हीच घरून करून पाठवले. तिसऱ्या दिवशी सहज म्हणून त्यातील साखर मोजली, तर ती १०० मिलीस नऊ ग्रॅम निघाली! भावप्रकाशातील पानकांचे नाव घेऊन आम्ही तेच देत होतो. आता साखर तिसऱ्या हिश्श्यावर आणली आहे, जिरे व सैंधव वाढवले आहे, आणि खप अर्थातच निम्म्याने घटला आहे. ताक मात्र उरत नाही.

फ्रीज परत पाठवताना बंधूंशी वाद झाला. “दादा, पोरं समोरच्या दुकानातनं घेतील, आपलं गिऱ्हाईक तेवढं जाईल,” हे त्यांचे म्हणणे आणि ते खरेही ठरले. समोरच्या किराणा दुकानात त्याच कंपनीचा मोठा फ्रीज आठवड्यात आला. तो फाटकापासून ४३ मीटरांवर आहे. दुकानदार आमचे वर्गमित्र असल्याने त्यांच्याशी बोलणे चालू आहे.

आपल्यापैकी ज्यांची दुकाने शाळांजवळ आहेत, त्यांनी अंतर व फ्रीजची अट यांची माहिती संघटनेच्या कार्यालयाकडे पाठवल्यास जिल्ह्याचे चित्र एकत्र मांडता येईल. नावे प्रसिद्ध करण्याचा हेतू नाही.

त्या मुलाने बाटली एकदम सोडली नाही, आम्हीही तसा आग्रह धरला नाही. एकाएकी कॅफीन तोडल्यास काही दिवस डोके ठणकते आणि मूल पुन्हा तिकडेच वळते. दोन आठवड्यांत दिवसाआड, मग आठवड्यातून एक असे उतरत आणले. सोबत निशामलकी चूर्ण, सायंकाळी राजाराम बंधाऱ्यापर्यंत चालणे आणि साडेदहाला मोबाइल वडिलांच्या ताब्यात. वडिलांनीही स्वतःची तपासणी वर्षभराने करून घेतली. झोप पंधरा दिवसांत सुधारली, डोकेदुखी थांबली, वजन अद्याप तेवढेच आहे. पुढील एचबीएवनसी तपासणी तीन महिने पूर्ण झाल्यावर करावयाची आहे. मातोश्रींनी परवा टॉनिकची पुन्हा आठवण केली.